पारख्याने विकत घेतलेला पहिला चाकू

मंडळी, आधी एक सांगा. एका माणसाने हजार चाकू हाताळलेत, पण विकत एकही घेतलेला नाही. दुसऱ्याने जन्मात एकच चाकू घेतला, तोही पोटाला चिमटा काढून. उद्या तुम्हाला चाकू घ्यायचा झाला, तर विश्वास कुणावर ठेवाल? घाई नाही. गोष्ट ऐका, मग ठरवा.

फार मागे, भाव जेव्हा नाण्यांत नव्हे तर पायल्यांत सांगत, तेव्हा घडलेली ही हकिकत. पायलीभर जोंधळे म्हणजे एका माणसाच्या आठवड्याच्या भाकरी. एका घाटाच्या पायथ्याशी, तीन वाटा मिळतात तिथे, एक बाजारगाव होतं. तिथला मंगळवारचा बाजार मोठा, आणि त्या बाजारात सगळ्यांत मोठा मान होता चाकूंच्या पारख्याचा.

चाकूला कसला आलाय पारखी, असं म्हणाल. पण तो बाजार होता मिटत्या चाकूंचा. पातं मुठीत दडतं, चाकू कनवटीला लागतो आणि पोटात शिरत नाही, म्हणून वाटसरू तोच घेत. आता सुरीचं कसं, जशी दिसते तशी असते. मिटत्या चाकूचा अर्धा जीव मुठीच्या आत. पातं ज्याच्यावर फिरतं तो खिळा आत, पात्याला मागून दाबून धरणारी कमान आत. जे दिसत नाही त्याचा भाव कुणीतरी सांगावा लागतो. तो पारखी सांगे.

तिथली रीत अशी होती. कारागिराने चाकू विकायला आणले, की आधी एक वानगी, म्हणजे नमुन्याचा चाकू, पारख्याच्या ओट्यावर ठेवायची. पारखी ती तीनदा उघडायचा, तीनदा मिटायचा आणि खट असा आवाज कान देऊन ऐकायचा. मग पात्याने स्वतःच्या हातावरचे केस उतरवायचा. केस सफाचट निघाले की मान डोलवायची आणि कारागिराच्या फळीवर खडूने रेघा ओढायच्या. एक रेघ म्हणजे एक पायली. चारच्या वर कधी कुणी गेलेलं नव्हतं. आणि ती वानगी पारख्याची. पोटापाण्याला त्याची घरची जमीन होती. वानगी हे मानधन.

तीस वर्षं हे चाललं होतं. पारख्याचा डावा हात कोपरापर्यंत बाळाच्या गालासारखा गुळगुळीत झाला होता. पेटीत हजारभर चाकू साठले होते, सगळे लखलखीत. माणूस लबाड नव्हता बरं का. रेघ वाढवण्यासाठी त्याने कुणाकडून कधी जोंधळ्याचा दाणा घेतला नाही. जे ऐकलं, जे पाहिलं, तेच त्याने फळीवर ओढलं.

तुपाच्या पेठेतही असा एक जाणकार होता म्हणे. रोज तीन दुकानांत बोटभर तूप चाखायचा आणि गाईचं कुठलं, म्हशीचं कुठलं, बिनचूक सांगायचा. एकदा घरी पाहुणे आले म्हणून बायकोने त्यालाच तूप आणायला धाडलं. दोन घटका झाल्या तरी हा दुकानापुढे भांडं घेऊन उभा. दुकानदाराने विचारलं तेव्हा म्हणाला, "चाखायला किती लागतं ते ठाऊक आहे. भातावर किती लागतं ते कधी बघितलंच नाही." असो. आपला पारखी त्याच्याच कुळीतला.

एका मंगळवारी एका हसऱ्या कारागिराने ओट्यावर वानगी ठेवली. चंदेरी मूठ, आरशासारखं पातं. नख लावलं न लावलं तोच लोण्यातून फिरल्यासारखा चाकू उघडला, आणि मिटला तो कसा, टाळी दिल्यासारखा. पारख्याने चार रेघा ओढल्या. त्याच दिवशी एका लोहाराच्या म्हातारीने आपला काळाकुट्ट चाकू पुढे केला. तो उघडताना पारख्याचं नख मोडलं. आवाज आला तो दार कुरकुरल्यासारखा. पारख्याने एक रेघ ओढली आणि नख चोखत बसला.

मिठाच्या तांड्याची म्होरकी तेव्हा तिथेच उभी होती. तिचे दोनशे बैल खालून मीठ घेऊन घाट चढत आणि वरून धान्य घेऊन उतरत. तिने चार रेघा पाहिल्या आणि आपल्या माणसांसाठी चंदेरी मुठीचे चाळीस चाकू घेतले. एकशे साठ पायल्या मोजून दिल्या, एका शब्दाने घासाघीस केली नाही. पारख्याची रेघ म्हणजे रेघ.

चार महिन्यांनी, पुन्हा एका मंगळवारी, म्होरकी ओट्यापुढे आली. बरोबर सोमला नावाचा तिचा बैलवाला होता. त्याच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. म्होरकीने एक चाकू ओट्यावर ठेवला.

"ओळखता का, पारखीबुवा?"

"न ओळखून कसं चालेल? माझ्या चार रेघांचा आहे."

"उचला तर जरा."

पारख्याने मूठ उचलली आणि पातं आपसूक खाली लोंबलं, बिजागरी निखळलेल्या फळकुटासारखं.

म्होरकी ओट्याच्या कडेला टेकली. "बैलाच्या पाठीवरची गोण ज्या दोरीने पोटाखालून आवळतात, तिला आम्ही तंग म्हणतो. बैल घसरला की गोण एका अंगाला जाते आणि बैलाला दरीकडे ओढते. अशा वेळी एकच करायचं असतं, तंग कापायचा. माल गेला तरी बैल राहतो. सोमलाने पातं तंगाला लावलं, जोर दिला, आणि पातं उलटं फिरून त्याच्याच बोटांवर मिटलं. दोन बोटं गेली. बैलही गेला."

पारख्याचा चेहरा उतरला. मग तो एकदम ताठ बसला. "फसवलं मला त्याने. वानगी एक दिली आणि माल दुसरा विकला. थांबा, दाखवतो."

त्याने पेटीतून आपली वानगी काढली. ती लोण्यासारखी उघडली, टाळीसारखी मिटली. मग दोन्ही चाकू शेजारी ठेवून त्याने खिळा पाहिला, कमान पाहिली, मुठीची जोडणी पाहिली. पुन्हा पाहिली. खिळा तोच, कमान तीच, हात त्याच कारागिराचा. वानगी एक आणि माल दुसरा, असं काहीच नव्हतं. माल तोच होता, फक्त चार महिने वापरलेला.

पारखी त्या लोंबणाऱ्या पात्याकडे बघत राहिला. तीस वर्षांत हजार चाकू त्याच्या हाताखालून गेले होते, पण वापरून जुना झालेला चाकू तो आज पहिल्यांदा बघत होता.

"मी भरपाई मागायला आले नाही," म्होरकी म्हणाली. "मला पुन्हा चाळीस चाकू घ्यायचे आहेत. चाळीस माणसांची बोटं आहेत. तुमच्या रेघा बघून घेऊ की नको, एवढंच सांगा."

"पण मी केस उतरवून बघतो, आवाज ऐकतो..."

सोमला पहिल्यांदा बोलला. "बुवा, केस उतरवायला आमच्याकडे न्हावी असतो."

पारख्याने बाही खाली ओढली. मग त्याने त्या ओट्यावर कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं. "बाई, मला ठाऊक नाही." आणि लगेच, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "मी तुमच्याबरोबर घाटात येऊ का? चाकू तिथे नक्की काय करतो, ते मला बघायचंय."

"या की. उद्या पहाटे निघतो, पुढच्या सोमवारी परत. तोवर जुन्या विळ्यांवर भागवू. पण पेटीतला चाकू आणू नका. फुकटचं हत्यार तांड्याबरोबर चालत नाही, आमची रीत आहे. फुकटाला माणूस जपत नाही आणि जाबही विचारत नाही. पदरचं देऊन एक घ्या, मग चला."

झालं. पारखी घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "चार पायल्या जोंधळे काढ. चाकू घ्यायचाय."

बायकोने पेटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हजार आहेत घरात. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आजच आलंय," पारखी म्हणाला.

जोंधळ्यांची पिशवी खांद्यावर टाकून तो आधी हसऱ्या कारागिराकडे गेला.

"या काका, या. आज ओटा सोडून इकडे कुठे?"

"एक चाकू दे. विकत."

कारागीर हसला. त्याला थट्टा वाटली. पिशवी पाहिल्यावर म्हणाला, "बरं. चार पायल्या."

"चार?" पारखी म्हणाला. "चार कशाबद्दल?"

"आता मी काय सांगू काका? रेघा तुमच्याच आहेत."

पारखी थबकला. खांद्यावरचं ओझं त्याला जाणवत होतं. महिनाभराच्या भाकऱ्या होत्या त्या. त्याने चाकू उचलला, आणि गंमत बघा, ना त्याने आवाज ऐकला, ना बाही वर सारली. एका हाताने मूठ धरली, दुसऱ्याने पात्याचं टोक, आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. असं त्याने यापूर्वी कधी केलं नव्हतं. कुणी शिकवलंही नव्हतं. खांद्यावरच्या पिशवीने शिकवलं.

"खिळा पितळेचा का रे?"

"पितळेवर पातं मऊ फिरतं. तुम्हाला आवडतं ना तसं."

"आणि खिळा झिजल्यावर?"

कारागिराने हात जोडले, आणि तो जे बोलला त्यात लबाडी नव्हती. "काका, तुम्ही तीनदा उघडून बघता. चौथ्यांदाचा विचार मी कशाला करू? लोखंडाचा खिळा घातला होता पूर्वी. तुम्ही दोनच रेघा ओढल्यात."

पारखी पुढे निघाला आणि लोहाराच्या म्हातारीपुढे जाऊन बसला.

"आजी, यातला खिळा कशाचा?"

"लोखंडाचा."

"झिजेल का?"

"तू आधी झिजशील."

"बिघडला तर?"

"तर मी इथेच बसलेली असते, कुठे जातेय? बिघडला म्हणून अजून कुणी आलं नाही. भावावरून भांडायला मात्र सगळी दुनिया येते. एक पायली टाक. तुझ्याच कृपेने एक."

पारख्याने पायली भरली. भरताना त्याचा हात जरा आखडला, तसं म्हातारीने पायली ठोकून घेतली आणि वर मूठभर मागितले. जन्मात पहिल्यांदा पारख्याने चाकू विकत घेतला. घरी जाईपर्यंत त्याने तो तीनदा चाचपून पाहिला, पडला तर नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी तांडा निघाला. पारखी बैलवाल्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. दिवसातून किती वेळा चाकू उघडतोस? कशाला? कांदा चिरून पुसतोस की तसाच मिटतोस? ओल्या हाताने मूठ सटकते का? म्हातारे बैलवाले हसायचे, पण सांगायचे. त्याला कळलं, की चाकू दिवसातून तीनदा नाही, तीसदा उघडतो. काटेरी फांदी छाटायला, खुरातला खडा काढायला, दोरी, भाकर, सुपारी. कळलं की मिठाची भुकटी मुठीच्या फटीत शिरते, आणि घाटातलं धुकं तिला ओलावतं. त्याच्या काळ्या चाकूला एका दिवसात गंज धरला. आधीच कडक, आता आणखी कडक.

"आजीचा चाकू काही अगदी देवाघरचा नाही," तो सोमलाला म्हणाला.

"मग तेही सांगा लोकांना," सोमला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी, चढाच्या अरुंद वळणावर, कवड्या नावाचा बैल घसरला. गोण दरीकडे लोंबली, बैल गुडघ्यावर आला. सगळ्यांत जवळ होता पारखी. त्याने डाव्या हाताने दावं घट्ट धरलं आणि उजव्या हाताने चाकू काढला. एका हाताने तो उघडेना. अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेवरून सटकत होतं. बैल वीतभर खाली सरकला.

मागून म्होरकीचा आवाज आला, "दावं सोडा बुवा, नाहीतर तुम्हीही जाल."

पारख्याने दावं सोडलं नाही. पात्याची कड दातांत धरली आणि मूठ ओढली. कडकन आवाज झाला, चाकू उघडला. त्याने पातं तंगाला लावून सगळा जोर दिला. पातं तसूभरही डगमगलं नाही. तंग तुटला, गोण मीठ उधळत दरीत गेली, आणि कवड्या थरथरत चार पायांवर उभा राहिला.

पारखी कडेला बसून थुंकला. थुंकीत रक्त होतं आणि पुढच्या दाताचा तुकडा.

सोमला धावत आला. "बुवा, दात गेला तुमचा."

"जाऊ दे. बोटं मोज आधी."

सोमलाने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन एकेक बोट मोजलं. "दहा," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा मोजली.

पुढच्या मंगळवारी बाजारात ओट्यापुढे ही गर्दी. पारखी आला तो ओट्यावर चढलाच नाही. सरळ हसऱ्या कारागिराच्या फळीपाशी गेला आणि तळहाताने चारही रेघा पुसल्या.

कारागिराचं हसू गेलं. "काका, माझ्या सात वानग्या आहेत तुमच्या पेटीत. त्या घेताना चाकू चांगला होता, आणि आता वाईट झाला?"

पारखी ते ऐकून खाली बघत होता. "खरं बोललास," तो म्हणाला. "चाकू तेव्हा होता तसाच आज आहे. मी बघणाराच अर्धा होतो. संध्याकाळी घरी ये, सातही घेऊन जा."

मग त्याने दोन रेघा ओढल्या आणि खाली लिहिलं: घरात बसून फळ चिरायला उत्तम, घाटात नेऊ नये.

म्हातारी आपली फळी मांडीवर घेऊन तयार बसली होती. पारख्याने तिथे तीन रेघा ओढल्या.

"तीन?" म्हातारी म्हणाली. "माझ्या चाकूने बैल वाचवला आणि तीनच? अरे, चारच्या वर नेशील म्हणून मी सकाळपासून उपाशी बसलेय."

पारख्याने ओठ वर करून मोडका दात दाखवला. "चौथी रेघ ही इथे वजा झाली, आजी. मिठाच्या वाटेवर गंज धरतो आणि एका हाताने उघडत नाही. विकताना तेलाचं बोट फिरवून दे आणि नखाची खाच खोल कर. मग चौथी ओढतो."

लोक हसले. म्हातारीही पदराआड हसली. महिन्याभरात तिने खाच खोल केली, आणि चौथी रेघ मिळवली.

म्होरकीने त्या दिवशी तीन पायल्यांच्या भावाने चाळीस काळे चाकू घेतले, आणि तेलाची बुधली स्वतः विकत आणली. निघताना म्हणाली, "मग आता रेघांवर विसंबावं ना?"

"रेघांवर नको," पारखी म्हणाला. "रेघांखालचं वाचत जा. चाकू किती दिवस वापरला आणि कुणाच्या जोंधळ्यांनी घेतला, ते आता तिथे लिहीन."

आणि त्याने तसंच केलं. वानग्या ज्याच्या त्याला परत गेल्या. पुढे प्रत्येक चाकू तो ढिगातून स्वतः निवडून, स्वतःच्या जोंधळ्यांनी विकत घेई आणि महिनाभर वापरून मगच रेघ ओढी. त्यामुळे वर्षाला बाराच चाकूंचा भाव ठरू लागला. निम्मे कारागीर कंटाळून दुसऱ्या बाजारी गेले. तिथे केस उतरवणारा पारखी अजून होता. घरात जोंधळे कमी पडू लागले तशी बायको कुरकुरली, पण तिने रिकाम्या झालेल्या पेटीत डाळ भरून ठेवली. मात्र घाट चढणारा कुणीही त्या बाराखेरीज तेरावा चाकू घेईना. कवड्या म्हातारा होऊन गोठ्यात मेला.

सोमलाची बोटं काही परत आली नाहीत. पारखी त्याला दर मंगळवारी भेटे, आणि त्याच्या हाताकडे बघायचं टाळत नसे.

बोध एवढाच: ज्याच्या पदरचं काही गेलं नाही, त्याने सांगितलेला भाव हा भाव नसतो, नुसता अंदाज असतो.

आणि मंडळी, उठण्याआधी एक विनंती. तुमच्या घरी वही असेल, नसली तर मनात असेल. विकत घेतलेलं तर सगळेच लिहितात. जे फुकट आलं तेही जमेला लिहा, देणाऱ्याच्या नावासकट. आणि आपल्या शब्दावर विसंबून दुसऱ्याचं काही गेलं असेल, तर ते आपल्याच खर्चाच्या बाजूला मांडा. हिशेब तेवढा खरा ठेवा.